वाचक विचारतात : नाक्यावरचे फोटो, जुने आणि नवे

ठाण्याच्या जुन्या वस्तीत रस्त्यावर काढलेले फोटो शोधून काढा, असं आम्ही गेल्या अंकात म्हटलं होतं. टेंभी नाक्यावरून जांभळी नाक्याकडे चालत निघालं तर वाटेत ज्यूंचं सिनेगॉग आहे, पारशांची अग्यारी आहे, तलावपाळीला चर्च आणि कौपिनेश्वराचं देऊळ आहे. पुढे महागिरी, चेंदणीचा कोळीवाडा. एवढ्याशा जागेत इतक्या तऱ्हेची माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली. त्यांचे घरातले, लग्नातले फोटो जपले गेले, रस्त्यावरचे मात्र डब्यात पडले. आलेली पत्रं बरीचशी या डब्यांबद्दलच आहेत. काही पत्रं नव्याने कॅमेरा हातात घेतलेल्यांचीही आहेत.

वडिलांकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्यांनी १९७० च्या आसपास टेंभी नाक्यावर काढलेल्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात सापडल्या. काहींवर पांढुरकी जाळी आली आहे, चार-पाच एकमेकींना चिकटल्या आहेत. पाण्याने धुतल्या तर चालेल का? स्कॅन करून घेताना काय सांगायचं?
– चरईतून एक वाचक

पाणी अजिबात लावू नका. ती जाळी बुरशीची आहे. निगेटिव्हवरचं चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असतं आणि बुरशी नेमकं ते जिलेटिन खाते. खाल्लेला भाग पाण्यात विरघळतो. नळाखाली धरलेल्या निगेटिव्हवरून चित्र वाहून जातं आणि हातात कोरी पट्टी राहते. ते पुन्हा मिळवायचा उपाय नाही.

आधी डबा उघड्या हवेत, सावलीत न्या आणि तोंडाला मास्क लावा, कारण बुरशीची भुकटी छातीत जाऊ देणं बरं नाही. निगेटिव्ह फक्त कडांना धरा. रबरी फुग्याने हवा मारून सुटी धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा बारीक थेंबही डाग पाडतो. मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. इथेच बरेच जण चुकतात : औषधाच्या दुकानात मिळतं ते ७० टक्क्यांचं असतं, म्हणजे उरलेलं पाणीच. ९९ टक्क्यांचं इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळतं. धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाला थोडंसं लावून निगेटिव्हची चकचकीत बाजू आधी पुसा, एकाच दिशेने, दाब न देता. दुसरी, जराशी मंद दिसणारी बाजू चित्राची. तिच्या कोपऱ्यावर आधी एक टिंब लावून बघा. कापडावर काळपट रंग उतरला तर तिथेच थांबा आणि ती निगेटिव्ह आहे तशीच स्कॅन करा. बुरशीचे डाग संगणकावर दुरुस्त करता येतात, पुसून गेलेला चेहरा येत नाही.

चिकटलेल्या चार-पाच ओढून सोडवू नका. त्या तशाच एका कागदी पाकिटात ठेवा आणि संवर्धनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करून बघा.

आता स्कॅनिंग. तुमच्या कॅमेऱ्याचा रोल १२० चा, त्यावर ६ बाय ६ सेंटिमीटरच्या १२ चौकोनी फ्रेम. ऑफिसातल्या साध्या स्कॅनरने हे काम होत नाही. झाकणात दिवा असलेला, फिल्मसाठीचा फ्लॅटबेड लागतो. बऱ्याच फोटो लॅबमधली यंत्रं फक्त ३५ मिलिमीटरची पट्टी घेतात, म्हणून जाण्याआधी फोनवर ‘१२० करता का?’ एवढं विचारून घ्या. सांगायचं ते असं : १६०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला १६०० ठिपके), १६ बिट ग्रेस्केल (कृष्णधवल), टिफ फाइल. यातून साधारण ३५०० बाय ३५०० पिक्सेलचं चित्र मिळतं आणि क्लिक थ्रीच्या साध्या भिंगाला ते पुरेसं आहे. ४८०० डीपीआयचे जास्त पैसे देऊन चित्रात जास्त काही दिसणार नाही. स्कॅनरमधलं धूळ आपोआप काढणारं इन्फ्रारेड बटण बंद ठेवायला सांगा. ते रंगीत फिल्मसाठी असतं. कृष्णधवल फिल्ममधली चांदी त्याला धूळच वाटते आणि ते डोळे, साडीच्या किनारी, पाट्यांवरची अक्षरं खाऊन टाकतं.

फ्रेम कापू देऊ नका. कडेची काळी चौकट, तिच्यावरची अक्षरं, सगळं आलं पाहिजे. त्या अक्षरांचा उपयोग पुढच्या प्रश्नात आहे.

स्कॅन उलटं तर झालं नाही ना, हेही बघा. दुकानाची पाटी असेल तर लगेच कळतं. पाटी नसली की लोक साडीच्या पदरावरून ठरवतात आणि या वस्तीत तिथेच फसतात : मराठी पदर डाव्या खांद्यावर, तर गुजराती पद्धतीचा पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो. टेंभी नाक्यावरच्या एकाच फोटोत दोन्ही असू शकतात. त्यापेक्षा पुरुषांच्या शर्टाचा खिसा बघा, तो छातीच्या डाव्या बाजूला हवा. मोटार असेल तर स्टिअरिंग उजवीकडे.

साफ झालेल्या निगेटिव्ह पुन्हा बिस्किटांच्या डब्यात ठेवू नका. एकेक आम्लरहित कागदाच्या पाकिटात, पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली पाहिजे. छोटा आर्द्रतामापक आत ठेवला की अंदाज बांधत बसावं लागत नाही. ६५ च्या वर काटा राहिला की बुरशी पुन्हा धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरातली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. जेलचा रंग पालटला की १२० अंशांवर दोन तास तापवून ते पुन्हा वापरता येतं. नारंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. डांबराच्या गोळ्या या डब्यात टाकायच्या नाहीत.

आजीच्या ट्रंकेत जांभळी नाक्याचा एक फोटो मिळाला. एक मोटार, हातगाड्या, तीन-चार दुकानांच्या पाट्या, भिंतीवर पोस्टर. मागे काहीच लिहिलेलं नाही. साल कसं ठरवायचं?
– नौपाड्यातून एक वाचक

फोटोतली सगळ्यात नवी वस्तू शोधा. फोटो तिच्या आधीचा असू शकत नाही. हे एक टोक. दुसरं टोक, म्हणजे ‘याच्या नंतरचा नाही’, हे पाडलेल्या इमारतीवरून, बंद झालेल्या दुकानावरून मिळतं. त्यासाठी माणसांना विचारावं लागतं. भिंग घ्या, किंवा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करून पडद्यावर मोठा करा आणि मध्यभाग सोडून कडांपासून बघायला सुरुवात करा.

गाडीची पाटी. एमएच मालिका १ जुलै १९८९ पासून सुरू झाली, ठाण्याची एमएच ०४. त्याआधी ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडा असे. मारुती ८०० दिसत असेल तर डिसेंबर १९८३ नंतरचा फोटो. काळ्या पाटीवर पांढरे आकडे असलेली खासगी मोटार साधारण शतक बदलण्यापूर्वीची.

दुकानाच्या पाट्या. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. फोन नंबर आठ आकडी असेल तर २००२ च्या सुमारानंतरचा. पाटी रंगाऱ्याच्या हातची आहे की फ्लेक्स, यावरूनही दहा-वीस वर्षांचा फरक कळतो; अक्षरांच्या पोटात ब्रशचा फटकारा दिसतो का ते बघा. पाट्यांवरच्या लिप्या टिपून ठेवा. गुजराती, उर्दू, मराठी, कोपरीच्या बाजूला सिंधी. कोणत्या भाषेतली पाटी कुठल्या दुकानावर होती हीच वस्तीची खरी नोंद आहे, साल ठरवताना ती नजरेतून सुटू नये.

सार्वजनिक वस्तू. ठाण्याची महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली, त्याआधी नगरपालिका. टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची बस १९८९ नंतरची. तलावपाळीच्या फोटोत गडकरी रंगायतन दिसत असेल तर १९७८ किंवा पुढचा.

आता यात काय चुकतं ते. जुन्या वस्तू नव्या फोटोत सर्रास असतात. १९६५ ची मोटार १९८५ मध्येही धावत असे. ‘नगरपालिका’ लिहिलेला फलक महानगरपालिका झाल्यावरही वर्षानुवर्षं तसाच राहिला असू शकतो. म्हणून जुनी वस्तू पुरावा नाही, नवी वस्तू पुरावा आहे. सिनेमाचं पोस्टर सगळ्यांना मोठा धागा वाटतो, पण जुने सिनेमे मॅटिनीला पुन्हा लागत. पोस्टरवर खेळाच्या वेळा किंवा ‘पुनःप्रदर्शित’ असं काही आहे का बघा. नसेल तर पोस्टर फक्त पहिलं टोक देतं, ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच.

निगेटिव्ह मिळाली तर तिच्या कडेची अक्षरं वाचा. ‘ओर्वो’ असेल तर १९६४ नंतरची, कारण पूर्व जर्मनीतल्या त्या कारखान्याने हे नाव १९६४ मध्ये घेतलं. ‘इंदू’ असेल तर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. ती कंपनीच १९६० ची.

महिना ठरवायला सावली बघा. ठाण्यात साधारण १६ मे आणि २७ जुलै या दोन दिवसांना भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते, बाकी वर्षभर उत्तरेला. पाऊस लागला की कडक सावली क्वचितच दिसते. म्हणजे दुपारच्या फोटोत ठळक सावली दक्षिणेकडे असेल तर मेचा उत्तरार्ध किंवा जूनचे पहिले दिवस, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. शेजारी आंब्याच्या पेट्या दिसल्या तर प्रश्नच मिटला.

शेवटी लिहिताना ‘१९७६’ असं ठोकून देऊ नका. ‘१९७२ ते १९८२ मधला, पाटीवरचा पिन कोड आणि दुकानदाराच्या मुलाने सांगितलेलं दुकान बंद झाल्याचं साल यांवरून’ असं लिहा. उद्या कुणाला नवा पुरावा मिळाला तर त्याला तुमचा तर्क तपासता आला पाहिजे.

जुन्या अल्बममधले फोटो चिकट पानांवर, वर प्लास्टिक. रंगीत फोटो तांबूस झालेत. काढून घेऊ का?
– कळव्यातून

हो, काढा. तो गोंद वर्षागणिक पिवळा आणि घट्ट होतो, शिवाय वरच्या प्लास्टिकच्या वाफा फोटोला लागतात. काढण्याआधी मात्र पूर्ण पान प्लास्टिक उचलून जसंच्या तसं स्कॅन करा. कोणता फोटो कोणाशेजारी लावला होता हीसुद्धा माहिती असते. मग मेण नसलेला दातांचा धागा फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. फोटो वाकायला लागला तर थांबा, तो पानासकट कापून ठेवा. हेअर ड्रायरने गोंद सैल करण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, पण उष्णतेने फोटो गुंडाळतो आणि चमक जाते.

तांबूसपणा येतो कारण त्या काळच्या कागदातला निळसर-हिरवा रंग अंधारातही सगळ्यांआधी फिका पडतो. स्कॅनमध्ये रंग बऱ्यापैकी परत आणता येतात. मूळ फोटोवर काही लावू नका. त्याच फोटोची निगेटिव्ह घरात असेल तर ती स्कॅन करा, ती बहुतेक वेळा फोटोपेक्षा बऱ्या अवस्थेत असते.

मी कॉलेजमध्ये आहे, राबोडीत राहते. आमच्या बाजारातले, रमजानच्या संध्याकाळचे, जांभळी नाक्याच्या मंडईतले फोटो काढायचे आहेत. मोबाइल आहे आणि मामांचा जुना डीएसएलआर. चेहरे हलतात, रंग विचित्र येतात, मागचं काही दिसत नाही. काय चुकतंय?

आधी मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद करा. तो माणसाच्या मागचं सगळं धूसर करतो, आणि तुला तर मागचंच हवंय. भज्यांच्या गाडीमागची पाटी, खिडकीतून डोकावणारी आजी, विजेच्या तारा, हे गेलं की तो फोटो कुठल्याही शहरातला होतो. नाइट मोडही नको. तो एक-दोन सेकंदांत घेतलेल्या अनेक छबी जोडतो, त्यात चालत्या माणसाचे तीन हात होतात. पडद्यावर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड कुलूपबंद होईल. मग उजेड किंचित खाली ओढ. रात्रीच्या बाजारात दिव्यांभोवती पांढरे डाग पडणं यानेच थांबतं.

मामांच्या कॅमेऱ्यावर शटर १/२५० सेकंदाहून मंद होऊ द्यायचं नाही, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर, कमाल ३२००. चालत्या माणसाला १/२५० पुरतं, सायकल किंवा रिक्षेला १/५०० लागतं. दिवसा भिंगाचं छिद्र एफ/८ वर ठेव. बाजारात ऑटोफोकस नेमका पुढच्या टोपलीवर अडकतो, म्हणून तो बंद करून भिंग अडीच मीटरवर लाव. झूम १८ ते २४ च्या मधे, साधारण २३ मिलिमीटरला असेल तर एफ/८ वर दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं रेखीव येतं. म्हणजे चार हात लांबचा भाजीवाला आणि त्याच्या मागची मशीद दोन्ही. हे एकदा लावलं की फोकसचा विचार करायचा नाही, फक्त अंतर ओळखायला शिकायचं. अडीच मीटर म्हणजे आपल्या सव्वातीन-साडेतीन पावलांइतकं. घरात जमिनीवर खडूने खूण करून आठवडाभर सराव कर.

रंगांचं कारण तुझ्या डोक्यावर आहे. मंडईत निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या असतात, त्यातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर पडतो. चेहरा निळा, बाजूचा रस्ता साध्या उजेडातला. कॅमेऱ्याने एक सुधारला की दुसरा बिघडतो. यावर बटण नाही. ताडपत्रीची कड जिथे संपते तिथे उभी राहा. विक्रेते पैसे द्यायला, माल उचलायला दर मिनिटाला त्या कडेपर्यंत येतातच. चेहऱ्यावर साधा उजेड पडला की दाब. किंवा तो फोटो सरळ कृष्णधवल कर. दुकानातल्या ट्यूबलाइट आणि एलईडीखाली आडवे पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० वर आण. आपली वीज ५० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. माणसं तेव्हा उभी असतील तेच क्षण घ्यावे लागतील.

उजेडाच्या वेळा : अरुंद गल्ल्यांत अकराच्या आधी ऊन उतरत नाही, आणि भर दुपारी उतरतं तेव्हा डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. सकाळी आठ-साडेआठला समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड सगळ्यात चांगला. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीची चाळीस मिनिटं धर. आकाशात निळा उजेड आणि गाड्यांवर दिवे, दोन्ही असतात. अजानच्या वेळी कॅमेरा खाली, लोक दिवसभराचे उपाशी असतात.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यावर आतून दव धरतं. बंद पिशवीत घालून वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू दे, मग पिशवी उघड.

सिनेगॉग, अग्यारी, मशीद, चर्च यांचे फोटो काढायला परवानगी लागते का? रस्त्यावर कुणी अडवलं तर?
– वर्तकनगरमधून

सार्वजनिक रस्त्यावरून इमारतीचा बाहेरून फोटो काढायला सहसा कायदा आड येत नाही. पण इथे कायद्यापेक्षा शेजारधर्म मोठा आहे. टेंभी नाक्यावरचं शार हाशमाईम हे बेने इस्रायलींचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, सिनेगॉग १८७९ चं; तिथे सुरक्षेची व्यवस्था असते. विश्वस्तांना आधी पत्र द्या, जाताना ओळखपत्र न्या, आत पुरुषांनी डोकं झाकायचं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे त्यांच्या विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या वेळात कॅमेरा घेऊन जाऊच नये. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. फाटकाबाहेरून, तेही दारावरच्या माणसाला विचारून. मशिदीत शुक्रवारची दुपार टाळा, चर्चमध्ये मिस्सा चालू असताना फ्लॅश नको. मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात आहे. त्याच्या भिंती आणि पहारे यांच्याकडे कॅमेरा रोखू नका, पोलिसांनी हटकलं तर त्यांचं बरोबरच आहे. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक कामासाठी जनसंपर्क विभागाची परवानगी लागते.

कुणी ‘काढू नका’ म्हणालं तर काढायचा नाही. काढून झाल्यावर म्हणालं तर पडद्यावर दाखवून त्यांच्यासमोर पुसायचा. वाद घालून वाचवलेल्या एका फोटोपायी ती गल्ली तुम्हाला कायमची बंद होते, आणि तुमच्यामागून येणाऱ्यालाही. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय छापायचा नाही. ज्यांचा काढला त्यांना आठवड्याभरात एक प्रिंट नेऊन द्या. नुसतं मोबाइलवर पाठवून भागत नाही. मासळी विकणाऱ्या मावशींच्या हातात पोस्टकार्डाएवढी प्रिंट पडली की पुढच्या खेपेला त्या स्वतः सांगतात, नारळी पौर्णिमेला या, होड्या सजवतात तेव्हा.

आजोबांनी पैसे देऊन काढून घेतलेला कुटुंबाचा फोटो. स्टुडिओवाले म्हणतात हक्क आमचा. खरं का?
– उथळसरहून

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुमचे आजोबा. फोटोग्राफरने स्वतःहून रस्त्यावर काढलेला फोटो मात्र त्याचा. फोटोचा हक्क आधी प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकत असे; २०१२ च्या दुरुस्तीपासून तो फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. हा कायदा लागू होण्याआधीच्या फोटोंचे नियम वेगळे आहेत, तिथे वकिलाला दाखवा. हक्क कुणाचाही असो, छापताना फोटोग्राफरचं आणि स्टुडिओचं नाव द्याच.

जुना फोटो हातात धरून त्याच जागेवरून आजचा फोटो काढायचा आहे. कितीही प्रयत्न केला तरी जुळत नाही.
– घंटाळीतून

भिंग बदलून जुळत नाही, जागा बदलून जुळतं. जुन्या फोटोत जवळची आणि लांबची अशा दोन न बदललेल्या वस्तूंची जोडी शोधा. उदाहरणार्थ एका घराच्या सज्जाचा कोपरा आणि त्याच्या मागचा चर्चचा किंवा देवळाचा माथा. सज्जा माथ्याला जिथे कापतो ते तसंच दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग दुसरी जोडी घेऊन पुढे-मागे. दोन जोड्या जुळल्या की तुम्ही त्या माणसाच्या पावलांवर उभे आहात.

उरते उंची. जुना कॅमेरा वरून डोकावून बघायचा असेल तर तो पोटाशी, जमिनीपासून मीटर-सव्वा मीटरवर होता. आणि रस्ता तेव्हापासून वर आलाय. डांबराचे थर चढत गेले की दुकानांच्या पायऱ्या बुडतात. जुन्या फोटोत तीन पायऱ्या आणि आज एक, तर रस्ता दोन पायऱ्यांनी उंच झाला. तेवढा कॅमेरा खाली घ्या, वेळ पडली तर गुडघ्यावर बसा.

फोटो ६ बाय ६ चा चौकोनी असेल तर फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचं भिंग लावण्याची चूक बहुतेक जण करतात. रुंदी जुळते, पण वरचं-खालचं कापलं जातं. २८ मिलिमीटरने काढा आणि नंतर चौकोनात कापा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यावर साधारण १.३ पट झूम आणि चौकोनी फ्रेम. रविवारी सकाळी सातला जा, नाहीतर पार्क केलेल्या गाड्यांखेरीज काही मिळणार नाही.

आमच्या मंडळाने जुन्या रहिवाशांकडून दीडशे फोटो गोळा केले. आता त्यांची माहिती कशी लिहायची? जो तो वेगळं सांगतो.
– टेंभी नाक्यावरून

वेगळं सांगतात ते सगळं लिहा. एकच जागा कुणाला मासुंदा, कुणाला तलावपाळी. एकाच दुकानाला मराठी गिऱ्हाइक मालकाच्या नावाने ओळखतं, मुसलमान गिऱ्हाइक आत मिळणाऱ्या मालावरून. दोन्ही नावं ठेवा, कुणी कोणतं वापरलं तेही. ‘बरोबर’ नाव निवडायला गेलात की एका समाजाची आठवण पुसली जाते.

मूळ फोटो घेऊन फिरू नका. ए-फोर कागदावर मोठी प्रत काढा, त्यावर प्रत्येक माणसाला, दाराला, पाटीला पेनाने आकडे घाला आणि ती प्रत समोर ठेवून विचारा. ‘हा फोटो कधीचा?’ असं विचारलं की माणूस अंदाजाने आकडा सांगतो. ‘तेव्हा तुम्ही कितवीत होतात? हे दुकान होतं का? इथे नळ होता का?’ असं विचारलं की उत्तर खात्रीचं येतं. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा, परवानगी घेऊन. दोन ज्येष्ठांना एकत्र बसवा, तेही वेगळ्या समाजाचे : बेने इस्रायली आजींना शेजारच्या कोकणी मुसलमान घरातल्या मुलाचं नाव आठवतं आणि त्या मुलाला आजींच्या घरचा मलिदा. एकट्या माणसाकडून हे येत नाही. बेने इस्रायलींची आडनावं पेणकर, किहीमकर अशी गावांवरून असतात. नुसत्या आडनावावरून समाज ठरवू नका, विचारा.

नोंद अशी करा : फोटोचा क्रमांक; जागा, तेव्हाचं आणि आत्ताचं नाव; कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला; साल आणि ते कशावरून; माणसं डावीकडून उजवीकडे, मागच्या रांगेपासून; माहिती कुणी, कोणत्या तारखेला दिली; मूळ फोटो कुणाकडे. ओळखू न आलेल्या माणसासाठी ‘अनोळखी’ लिहून जागा सोडा. ती जागा रिकामी दिसली की पुढचा माणूस नाव भरतो.

मूळ फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. टोक दाबलं की पुढच्या बाजूला उठाव येतो, आणि शाई वरच्या फोटोला लागते. कागदी पाठीवर मऊ २बी पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही. तिथे पाकिटावर आधी लिहायचं, मग फोटो आत घालायचा. मागची बाजूही स्कॅन करा. कुणाच्या हस्ताक्षरातला हिब्रू, गुजराती किंवा उर्दू मजकूर, स्टुडिओचा शिक्का, पोस्टाचा पत्ता हे तुम्हाला वाचता येत नसेल तरी.

फाइलचं नाव क्रमांकापुरतं ठेवा आणि बाकी माहिती एका तक्त्यात. तीन प्रती : एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेली छबी आकाराने लहान होते आणि तिच्यात लिहिलेली माहिती गळून पडते. मंडळाच्या ग्रुपवर फिरणारा फोटो हा संग्रह नव्हे. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि तक्त्याची छापील प्रत काढून एक ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयाला देऊ का म्हणून विचारा. १८९३ पासून गावाचा छापील कागद जपणारी ती संस्था आहे.

दीडशेपैकी ज्या फोटोंतली माणसं ओळखणारे आज पंचाऐंशीच्या पुढे आहेत, ते फोटो आधी घ्या. क्रमांक एकपासून सुरुवात करायची गरज नाही.